करंट परतीला कुठून जातो?

आमच्याकडे सकाळी गाडी सुरू झाली नाही की निदान आधीच तयार असतं. शेजारी अंगणातूनच आवाज देतो, "बॅटरी गेली भाऊ." पानठेल्यावर तेच, ट्रॅक्टरवाल्याकडे तेच, आणि तालुक्याच्या बॅटरीवाल्याला तर दुसरं काही म्हणायचं कारणच नसतं. चार-साडेचार हजार मोजून नवी बॅटरी बसते, जुनी वजनावर जमा होते, गाडी पहिल्या चावीला उठते आणि बोलणाऱ्या सगळ्यांचं खरं ठरतं. दोन-तीन महिन्यांनी तीच गाडी शेताच्या धुऱ्याजवळ किंवा दवाखान्याच्या फाटकात पुन्हा धक्का मागते. तेव्हा आधीचं निदान कोणाला आठवत नाही. "जुनी गाडी हाय, असंच चालते," एवढ्यावर विषय संपतो.

बॅटरीवर संशय घ्यायला आमच्या भागात कारण आहे, हे आधी मान्य करतो. मे महिन्यात अकोला-अमरावतीकडे पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या शेडखाली उभ्या गाडीच्या बॉनेटमध्ये त्याहून कितीतरी जास्त गरमी साचते. शिसं आणि आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य ही गरमीच खाते. पाणी उडतं, आतल्या शिशाच्या जाळ्या गंजत जातात, उभ्या उभ्या चार्ज उतरण्याचा वेग वाढतो. तरी बॅटरी स्वतः खराब असणं वेगळं, चांगल्या बॅटरीचा करंट वाटेत अडणं वेगळं आणि तो रात्रीतून गळून जाणं आणखी वेगळं. सकाळी चावी फिरवणाऱ्याला तिन्हींचं लक्षण एकच दिसतं. मोजल्याशिवाय त्यातला फरक कळत नाही, आणि मोजण्याचं काम फार थोडे लोक करतात. त्या कामाबद्दल मला लिहायचं आहे.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीपासून जवळ. बाबांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा गाडीशिवाय गत्यंतर उरलं नाही. दवाखाना अकोल्याला, पाळी सोमवारी आणि गुरुवारी, तीही सकाळची. त्या वेळेला गावातून एसटी नाही आणि दर पाळीला भाड्याची गाडी करणं परवडत नाही. म्हणून आमच्याच पट्ट्यातल्या एका गृहस्थांकडून जुनी पेट्रोल गाडी घेतली. घेताना जे पाहतात ते सगळं पाहिलं. थंड इंजिन सुरू करून आवाज ऐकला, धूर पाहिला, ऑइलची कांडी पुसून पाहिली, दारांच्या रबराखाली पुन्हा रंग मारलाय का ते तपासलं, टायर कधी बनला ते सांगणारा त्याच्यावरचा चार आकडी आठवडा-वर्ष वाचला. आरटीओचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरले, विमा नावावर करून घेतला. गाडी चकाचक होती. आधीचे मालक ती दर रविवारी घरच्या बोअरच्या पाण्याने धूत असत. हे त्यांनी अभिमानाने सांगितलं, आणि गाडी पाहता तो अभिमान रास्तच होता.

जुन्या गाडीच्या विजेची तपासणी मात्र सगळीकडे एकाच पद्धतीने होते. लाइट लावायचा, हॉर्न वाजवायचा, काचा खाली-वर करायच्या, एसी लावून पाहायचा. हे सगळं इंजिन चालू असताना होतं, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज बनवणारा अल्टरनेटर १४ व्होल्टच्या आसपास पुरवत असतो. त्या जोरावर कमजोर जोडसुद्धा काम करून जातो.

पहिले काही आठवडे गाडी नीट चालली. मग लक्षणं दिसू लागली, आणि ती एकमेकांशी जुळेनात. सोमवारी पहाटे चावी फिरवली की सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, नुसता कट्‌कट् करायचा. गुरुवारी कण्हत कण्हत का होईना, फिरायचा. ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मंद पेटायचा. हेडलाइट लावला की हॉर्नचा आवाज बसायचा आणि टेम्परेचरचा काटा किंचित वर सरकायचा, लाइट बंद केला की पुन्हा खाली. इंजिनची गरमी लाइटच्या बटणावर कमी-जास्त होत नसते, एवढं तर कोणालाही कळतं. तरी प्रत्येक लक्षणासाठी एक एक सुटा भाग सुचवला गेला: बॅटरी, सेल्फ, हॉर्न, सेन्सर. शहरातल्या एका गॅरेजात स्कॅनर लावला तेव्हा पडद्यावर बिघाडांच्या कोडची लांब रांग आली आणि एक कंट्रोल युनिट बदलायचा सल्ला मिळाला. त्याची किंमत ऐकून आईने पदराने घाम पुसला.

कोडबद्दल इथे थोडं सांगणं भाग आहे, कारण अनेकांचे पैसे तिथेच जातात. त्या रांगेत पी०५६२ हा कोड होता. सिस्टीमचं व्होल्टेज कमी, एवढाच त्याचा मजकूर. सेल्फ मारताना व्होल्टेज फार खाली गेलं की गाडीतली छोटी-मोठी युनिट क्षणभर बंद पडून पुन्हा जागी होतात. त्या क्षणात एकाला दुसऱ्याचा निरोप मिळत नाही, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याच्या नावाने तक्रार लिहून ठेवतो. या तक्रारी वाचून युनिट बदलायला निघणं घाईचं आहे. आधी व्होल्टेज दुरुस्त करावं, कोड पुसावेत, काही दिवस गाडी चालवावी. जे कोड परत येतील त्यांच्याकडेच लक्ष द्यावं. आमच्या गाडीत पुढे एकही परत आला नाही.

हे मला दर्यापुरातल्या एका बोळीत काम करणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनने शिकवलं. साठी ओलांडलेला माणूस, सगळे त्यांना चाचा म्हणतात. दुकान म्हणजे एक टिनाची टपरी, त्यात वायरींची भेंडोळी, व्होल्ट-करंट मोजणारा एक जुना मल्टिमीटर आणि दोन वायरी डाग देऊन जोडलेला २१ वॉटचा बल्ब. मी बॉनेट उघडायला गेलो तर त्यांनी थांबवलं.

"थांबा भाऊ. गाडी कोन्या वारी उठत नाई?"

मी म्हटलं, सकाळी.

"सकाळचं नाई विचारून रायलो. वार सांगा."

सोमवार, असं मी म्हणालो आणि माझं मलाच लक्षात आलं की हा प्रश्न आतापर्यंत कोणीच विचारला नव्हता. गुरुवारी संध्याकाळी परत आलेली गाडी सोमवारी पहाटेपर्यंत उभी असते. सोमवारी आलेली गुरुवारपर्यंत. पहिला मुक्काम दुसऱ्यापेक्षा पूर्ण एका दिवसाने मोठा. चाचांनी मान हलवली. "म्हंजे उभ्या उभ्या कोनीतरी करंट पिते. पन हॉर्न बसते, काटा हालते, थे दुसरं हाय. दोन रोग हायेत. एक एक पाहू."

दोन दोष एकत्र असले की प्रत्येक जण दुसऱ्याला झाकतो. नवी बॅटरी टाकली असती तर गळतीसकट आणि अडथळ्यासकट गाडी काही महिने उठली असती, आणि मग ती नवी बॅटरीही रिकामी राहून राहून खराब झाली असती. शिशाची बॅटरी अर्धवट चार्जवर पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि तो पुढे चार्ज घेत नाही.

रात्रभर चार्जरवर ठेवून, थोडी विसावू देऊन बॅटरी मोजली तर १२.६ व्होल्ट. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा हाच आकडा. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, आणि १२ च्या खाली आली तर जवळजवळ रिकामी. इंजिन सुरू केल्यावर टर्मिनलवर १४.२ आले, म्हणजे अल्टरनेटरही ठीक. इथवर बहुतेक मिस्त्री पोचतात, आणि इथेच "बॅटरी चांगली, अल्टरनेटर चांगला, मग सेल्फच गेला" असा निष्कर्ष निघतो. चाचांनी मीटरची काळी सळई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर टेकवली, लाल सळई थेट इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि मला म्हणाले, "आता मारा सेल्फ."

या दोन जागा जाड तारांनी एकमेकींना जोडलेल्या. त्यांच्यात फरक जवळजवळ शून्यच यायला हवा, फार तर ०.२ व्होल्ट. मीटरवर १.६ आले.

गाडीत बॅटरीपासून दिव्यापर्यंत, हॉर्नपर्यंत, सेल्फपर्यंत वायर जाते. परत येण्यासाठी मात्र बहुतेक ठिकाणी वेगळी लांब वायर नसते. गाडीचा लोखंडी सांगाडाच परतीची वाट असतो. दिव्याजवळची आखूड काळी वायर बोल्टने बॉडीला कसलेली असते, इंजिन एका जाड पट्टीने बॉडीला जोडलेलं असतं आणि बॉडीतून एक जाड केबल बॅटरीच्या निगेटिव्हला येते. करंट जितका जातो तितकाच परत यावा लागतो. जाण्याची बाजू सगळे तपासतात, कारण तिथे फ्यूज असतो, रिले असतो, बदलायला काहीतरी असतं. परतीच्या बाजूला फक्त बोल्ट असतात.

सेल्फ फिरताना दीडशे अँपिअरच्या घरात करंट ओढतो. जर्मनीच्या गेऑर्ग ओम यांनी १८२७ साली मांडलेला नियम इथे लावा: करंटला अडथळ्याने गुणलं की तिथे खर्च होणारे व्होल्ट मिळतात. जोडात ०.०१ ओहमचा अडथळा असेल, तर दीडशे अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच खर्च होतो. ०.०१ ओहम हा साध्या मल्टिमीटरला दिसतच नाही. ओहमच्या खुणेवर मीटर लावून पाहिलं तर तो शून्याच्या आसपासच दाखवतो आणि जोड निर्दोष ठरतो. शेतातल्या स्प्रिंकलरवर हे चांगलं कळतं. व्हॉल्व्ह बंद असताना प्रेशरचा काटा पूर्ण वर असतो, कारण पाणी वाहतच नाही. व्हॉल्व्ह उघडला की कचरा अडकलेल्या पाइपाच्या पुढची तोटी फिरत नाही. म्हणून करंट वाहत असतानाच मोजायचं, आणि जोडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजायचं. हे एकदा कळल्यावर मीटर हातात घेण्याची माझी रीतच बदलली.

चाचांच्या त्या बल्बलाही हाच आधार आहे. डिजिटल मीटर स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही. आतून सडून एकच तार शिल्लक राहिलेल्या वायरवरही तो १२ व्होल्ट दाखवतो. २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो. एका तारेतून तेवढा करंट धड जात नाही आणि बल्ब लालसर होऊन राहतो. मागच्या डाव्या दिव्याच्या घरात त्यांनी बल्बचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं दिव्याच्या काळ्या वायरला लावलं. लालसर. तेच टोक शेजारी बॉडीच्या खरवडलेल्या लोखंडावर टेकवलं. लख्ख. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर का पेटतो याचं उत्तर त्यात होतं. त्या घरात ब्रेक, पार्किंग आणि इंडिकेटर या तिघांची परतीची वायर एकच असते. ती गंजली की ब्रेकच्या बल्बचा करंट इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि पुढच्या इंडिकेटरमधून वाट काढत बॉडीत पोचतो. या दोषासाठी लोक बल्ब बदलतात, स्विच बदलतात. मी तर पूर्ण वायरिंग बदललेली गाडी पाहिली आहे.

बॅटरीचा ट्रे काढला तेव्हा त्याखालचा बॉडीचा जोड दिसला. बोल्टचं डोकं गंजाने फुगलेलं, वायरच्या टोकाच्या तांब्याच्या कडीवर, म्हणजे लगवर, पांढरी-हिरवी भुकटी. इंजिनच्या विणलेल्या पट्टीच्या तारा हाताने मोडत होत्या. चाचांनी भुकटी बोटावर घेतली आणि दुसरा प्रश्न विचारला.

"पयले मालक गाडी कोनत्या पान्यानं धुवत होते?"

खारपाणपट्ट्याबाहेरच्या वाचकांना या प्रश्नाचं वजन कळावं म्हणून सांगतो. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत जमिनीखालचं पाणी खारं आहे. विहीर खोदली तर पाणी लागतं, पण ते पिकाला देता येत नाही; दिलं तर काळी जमीनच चोपण, म्हणजे घट्ट आणि नापीक, होत जाते. म्हणून इथे कापूस, तूर पावसावर आणि हरभरा जमिनीतल्या ओलीवर. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, गंजावर, म्हणजे पातेल्यावर, पांढरा थर चढतो. आमच्या दर्यापूर-अंजनगाव भागाला प्यायला मेळघाटच्या पायथ्याच्या शहानूर धरणाचं पाणी नळाने येतं, आणि ते जपून वापरावं लागतं. बाकी सगळ्या कामाला बोअर. अकोल्याच्या डायलिसिसच्या खोलीत शेजारच्या खाटांवर दर वेळी आमच्याच पट्ट्यातली माणसं भेटतात. गावांची नावं विचारली की सगळी ओळखीची निघतात. या मुलखात पाण्याबद्दल कोणी सहज बोलत नाही.

तेच पाणी दर रविवारी त्या गाडीवर पडत होतं. ज्या माणसाने इतक्या मायेने गाडी धुतली, त्याला दोष देण्याचा प्रश्नच येत नाही; त्याच्याकडे दुसरं पाणी होतंच कुठे? मीठ विरघळलेलं पाणी विजेला वाट देतं. तांब्याची लग, लोखंडी बॉडी आणि दोघांमध्ये खाऱ्या पाण्याचा पापुद्रा, एवढं जमलं की तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते आणि तिच्यात लोखंड विरघळत जातं. वरून गाडी वाळते, पण फटीत मागे राहिलेला क्षार हवेतली ओल ओढून घेतो. पावसाळ्यात तर तो जोड कोरडा होतच नाही. शिवाय खारं पाणी उघड्या टोकातून प्लॅस्टिकच्या आत, तारांमधून वर चढतं. बाहेरून धडधाकट दिसणारी वायर सोलली की आत तांबं काळं पडलेलं असतं. आमच्या गाडीत एकाच वेळी इतक्या ठिकाणी अर्थिंग, म्हणजे बॉडीला कसलेले परतीचे जोड, का खराब होती, याचा उलगडा त्या एका प्रश्नाने झाला.

दुरुस्ती साधी होती, फक्त नीट करायची होती. आधी बॅटरीचा निगेटिव्ह सोडवला, दहाच्या पान्याने. तो नेहमी आधी सुटतो आणि शेवटी बसतो, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी शॉर्ट होत नाही. वायर काळी असेल तिथवर कापत गेले, लख्ख तांबं दिसेपर्यंत. नवी लग दाबून बसवली, वर डाग दिला. बॉडीवरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने काढून चकचकीत लोखंड केलं, दातेरी वॉशर घातला, बोल्ट कसला, आणि कसल्यावर वरून पेट्रोलियम जेली फासली. पट्टी नवी आणि आधीपेक्षा जाड. मागच्या दिव्याची काळी वायर नव्या जागी कसली. टर्मिनल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतले, बॅटरीची झाकणं घट्ट लावून, कारण सोडा आत गेला तर आम्ल मरतं. पुन्हा तीच दोन टोकं धरून सेल्फ मारला. ०.१५ व्होल्ट. हेडलाइट लावला, काटा हलला नाही. बाबा टपरीच्या सावलीत खुर्चीवर बसून हे सगळं पाहत होते. त्यांनी विचारलं, "निंगाला का रे फॉल्ट?"

अर्धाच निघाला होता.

गळती शोधण्याची रीत शांत माणसाची आहे. निगेटिव्ह केबल काढून तिच्या आणि बॅटरीच्या मध्ये मीटर जोडायचा, १० अँपिअरच्या खुणेवर. चावी काढलेली. एक दार उघडं ठेवून त्याचं कुलूप पेचकसाने दाबून ठेवायचं, म्हणजे गाडीला दार बंद वाटतं. मग अर्धा तास कशालाही हात लावायचा नाही, कारण गाडीतली युनिट झोपायला वेळ घेतात आणि तोवरचा आकडा फसवा असतो. या जोडणीत सेल्फ मारायचा नाही, नाही तर मीटरचा फ्यूज उडतो. झोपलेली गाडी साधारण ०.०५ अँपिअरपर्यंत करंट घेते. घड्याळ, रिमोट, युनिटची आठवण यांना तेवढा लागतो. आमचा आकडा ०.२५ वर थांबला.

आता हिशेब मांडा. गुरुवार संध्याकाळ ते सोमवार पहाट, साधारण ८४ तास. ०.२५ ने गुणलं तर २१ अँपिअर-तास. सोमवार संध्याकाळ ते गुरुवार पहाट ६० तास, म्हणजे १५. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. गुरुवारी निम्म्याहून जास्त उरतं आणि गंजलेल्या अर्थिंगवरही सेल्फ कसाबसा फिरतो. सोमवारी उरत नाही. चाचांनी वार का विचारला ते मी कागदावर हे आकडे लिहिले तेव्हा पूर्ण उमगलं, आणि मला फार आनंद झाला. दोष अजून सापडायचा होता तरी झाला.

मग एक एक फ्यूज काढून मीटर पाहायचा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, त्या रेषेवर गळती. पेटीतले सगळे फ्यूज काढून परत लावले, आकडा हलला नाही. मी निराश झालो, चाचा उलट खूश दिसले. गळती फ्यूजपेटीच्या बाहेर आहे, म्हणजे शोधायची जागा लहान झाली. अल्टरनेटरचा डायोड खराब असला तरी बॅटरी रात्रीतून उतरते, म्हणून त्याची जाड वायर सोडवून पाहिली. फरक नाही. उरली बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट निघालेली एक लाल वायर. ती कार्पेटखालून गेली होती सीटखालच्या अँप्लिफायरला, कोणीतरी हौसेने बसवलेल्या म्युझिक सिस्टीमच्या. अँप्लिफायरला जागं करणारी बारीक निळी वायर टेपमधून यायला हवी, म्हणजे टेप बंद झाला की तोही झोपतो. बसवणाऱ्याने ती कायम चालू असलेल्या त्या लाल वायरलाच पिळून जोडली होती. वरची काळी चिकटपट्टी उन्हाने पाघळून चिकट झाली होती. ती निळी वायर सोडवताच आकडा ०.०३ वर आला.

फ्यूज काढताना आणखी एक गोष्ट सापडली. १५ अँपिअरच्या निळ्या फ्यूजच्या जागी ३० चा हिरवा होता. १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. हे रंग बहुतेक गाड्यांत तेच असतात आणि पेटीच्या झाकणावर जागा लिहिलेल्या असतात. फ्यूज वायरला वाचवायला असतो. मोठा घातला की आधी वायर तापते, तिचं आवरण वितळतं, मग गाडीच पेटते. डीपीवरच्या किटकॅटमध्ये, म्हणजे चिनी मातीच्या फ्यूजमध्ये, जाड तार घातल्यावर काय होतं ते आमच्या प्रत्येक शिवाराने पाहिलं आहे, तरी गाडीत तेच करताना हात थांबत नाही. याचा मला राग येतो.

उंदरांचंही सांगून टाकतो. सोयाबीन, तूर घरात आली की ते बॉनेटमध्ये शिरतात आणि वायरी कुरतडतात. शेंगांची पोती असलेल्या खोलीजवळ गाडी लावू नये, एवढंच.

अर्धा दिवस गेला होता. चाचांनी आठशे रुपये सांगितले. टपरीवर दुसरा एक जण बॅटरीची वायर लावायला आला होता, तो बोललाच, "नवीन तं काईच टाकलं नाई, मंग आठशे कायचे?" तो वाईट माणूस नव्हता, असंच बोलायची आपल्याकडे रीत आहे. चार हजारांच्या बॅटरीची पावती आपण घडी करून जपून ठेवतो, कारण हातात वस्तू येते. दोष कुठे आहे हे ज्याने सांगितलं, त्याच्याशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो. याचा परिणाम डोळ्यांसमोर आहे. चाचांकडे शिकायला पोट्टे येतात, हुशारही असतात. सहा महिन्यांत त्यांना दिसतं की मोजत बसणाऱ्यापेक्षा सुटे भाग विकणाऱ्याला जास्त मिळतं, आणि ते निघून जातात. आयटीआयमधून वायरमन, इलेक्ट्रिशियन, मोटार मेकॅनिक शिकून दरवर्षी मुलं बाहेर पडतात. त्यांच्यातल्या एखाद्याने चाचांचा तो बल्ब हाती घ्यावा असं वाटत असेल, तर दोष शोधण्याच्या कामाचा दर आपण मुकाट्याने दिला पाहिजे. मी त्यांना कागदावर तसं लिहून मागितलं. त्यांच्याकडे पावतीपुस्तक नव्हतं. सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर त्यांनी लिहिलं: फॉल्ट काढला, ८००. तो पुठ्ठा गाडीच्या कागदपत्रांत, विम्याच्या कागदाशेजारी ठेवला आहे.

आमच्या पट्ट्यातली जुनी गाडी कोणी घेत असेल तर टेस्ट ड्राइव्हच्या आधी एवढं करावं. आदल्या रात्रीपासून उभी असलेली थंड गाडी पाहायला जावं. चावी लावण्याआधी बॅटरी मोजावी. कोणाला तरी सेल्फ मारायला लावून बॅटरीच्या टर्मिनलवरचा आकडा पाहावा. बॅटरी चांगली असेल तर तो १० च्या वर राहतो. मग निगेटिव्ह खुंटी आणि इंजिन यांच्यातला फरक पाहावा. इंजिन बंद ठेवून हेडलाइट, ब्रेक, इंडिकेटर एकत्र लावावेत आणि मागे उभं राहून पाहावं. बॅटरीच्या पॉझिटिव्हवर कंपनीच्या केबलशिवाय किती वायरी चढवल्या आहेत त्या मोजाव्यात आणि प्रत्येकीचा शेवट विचारावा. तीनशे-चारशे रुपयांचा मीटर या सगळ्याला पुरतो.

गाडी आता ओल्या फडक्याने पुसतो. अंघोळीपुरतं आलेलं नळाचं पाणी तिच्यावर घालणं आईला पटत नाही, आणि तिचं बरोबर आहे. पावसाळ्यात चाकांच्या कमानीत काळ्या चिखलाचा थर बसला की तो वाळल्यावर खरडून काढतो. बॉनेटच्या आत बोअरचं पाणी अजिबात नाही. बाबांना सोमवारी पहाटे अंगणात आणलं की ते आधी विचारतात, "मोजली का?" रविवारी संध्याकाळी मोजलेला आकडा मी सांगतो. १२.५ असला की त्यांना पुरतं. दिवाळीनंतर, कापसाचा पहिला वेचा झाला की, निगेटिव्ह आणि इंजिनमधला फरक पुन्हा काढायचा आहे. ०.२ च्या वर गेला तर नवी पट्टी चाचांकडे बांधून ठेवलेली आहे.